‘विस्तार झाला’ म्हणजे कोणी केला? : एका अमेरिकन चित्राचं वाचन



मागच्या व्याख्यानात आपण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धापर्यंत आलो होतो. अटलांटिकच्या किनाऱ्यावरच्या तेरा वसाहती आणि १७८३ चा तह. त्या तहानं नव्या देशाची हद्द मिसिसिपी नदीपर्यंत मानली गेली. पुढच्या सत्तर वर्षांत हाच देश पॅसिफिक महासागराला जाऊन भिडला. हे कसं झालं, हा आजचा विषय आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत यावर एक वाक्य वाचलेलं असतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेचा पश्चिमेकडे विस्तार झाला. झालं, संपलं. पुढचा धडा यादवी युद्धाचा. आज आम्ही या एका वाक्याची तपासणी करणार आहोत, आणि त्यासाठी एका चित्राचा आधार घेणार आहोत. कारण हे वाक्य त्या चित्रात जसंच्या तसं रंगवलेलं आहे.

चित्राचं नाव ‘अमेरिकन प्रोग्रेस’. चित्रकार जॉन गास्ट, साल १८७२. मूळ तैलचित्र लॉस एंजेलिसच्या ऑट्री संग्रहालयात आहे. पुस्तकांतून बघताना हे चित्र भिंतभर मोठं असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते साधारण तीस सेंटिमीटर उंच आणि चाळीस सेंटिमीटर रुंद, म्हणजे ए-थ्री कागदापेक्षा किंचित लहानच आहे.

आता पडद्यावर बघा. मधोमध एक भली मोठी बाई हवेत तरंगते आहे. पांढरं वस्त्र, सोनेरी केस, कपाळावर तारा. एका हाताशी शाळेचं पुस्तक आहे आणि तारायंत्राची तार ती आपल्यामागून ओढत नेते आहे. उजवी बाजू म्हणजे पूर्व. तिकडे उजेड आहे, नदी आहे, जहाजं आहेत, शहर आहे. डावी बाजू म्हणजे पश्चिम. तिकडे काळोख, ढग, डोंगर. बाईच्या खालून सगळेच उजवीकडून डावीकडे निघालेत. आगगाड्या, टपाल आणि प्रवासी नेणारी घोडागाडी, कापडी छताची बैलगाडी, घोडेस्वार, सोनं शोधायला निघालेली माणसं. एका कोपऱ्यात शेतकरी नांगर धरून आहेत. आणि डाव्या कडेला, काळोखात, बायसनचे कळप, अस्वल आणि त्या भूमीचे मूळ रहिवासी पळताहेत. चौकटीच्या बाहेर.

हे चित्र आधी ज्या कामासाठी काढलं ते सांगायला हवं. जॉर्ज क्रॉफट नावाचे एक प्रकाशक होते. १८६९ मध्ये अमेरिकेचे दोन किनारे रेल्वेनं जोडले गेले, आणि त्या रेल्वेच्या प्रवाशांसाठी हे गृहस्थ मार्गदर्शक पुस्तकं छापत. हे चित्र त्यांनी गास्ट यांच्याकडून काढून घेतलं, त्याच्या रंगीत छापील प्रती काढल्या, पुस्तकातही छापलं. म्हणजे हे मुळात जाहिरातीचं चित्र. त्याला जाहिरात म्हणण्यात कमीपणा नाही. उलट, त्यामुळेच ते आमच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे. जाहिरात लोकांना नवीन काही पटवत बसत नाही. लोकांना आधीच जे पटलेलं असतं, तेच ती देखणं करून दाखवते.

लोकांना काय पटलेलं होतं? त्याला एक नाव होतं. १८४५ मध्ये न्यू यॉर्कच्या ‘डेमोक्रॅटिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात टेक्सासच्या विलीनीकरणावर एक लेख आला. संपादक जॉन ओ’सलिव्हन. त्यातून ‘मॅनिफेस्ट डेस्टिनी’ हे शब्द रूढ झाले. म्हणजे उघडउघड दिसणारं विधिलिखित. हे खंड आपल्याला मिळणार हे नियतीनं ठरवलेलंच आहे, असा त्याचा भाव.

आता आमचा मुख्य मुद्दा. ही बाई तरंगते आहे. तिचे पाय जमिनीला लागत नाहीत. ती कोणाला ढकलत नाही, मारत नाही, कोणाच्या दारात जाऊन कागदावर अंगठा घेत नाही. ती फक्त पुढे सरकते आणि लोक आपोआप पळतात. आपल्या शाळेतल्या वाक्यातही तेच आहे. ‘विस्तार झाला.’ झाडाची फांदी वाढली, नदीला पूर आला, तसा विस्तार झाला. विस्तार कोणी केला, हे विचारायला त्या वाक्यात जागाच नाही.

आणि गंमत बघा. मराठीत जमीन गमावणारा माणूसही याच व्याकरणात बोलतो. ‘आमची जमीन धरणात गेली’ असं तो म्हणतो. कोणी घेतली, कोणत्या कायद्यानं घेतली, मोबदला कोणी ठरवला, हे त्या ‘गेली’त बुडून जातं. घेणारा म्हणतो झालं, देणारा म्हणतो गेलं. दोघांच्याही वाक्यात कर्ता नाही. फरक एवढाच, की एकाला कर्ता लपवायचा असतो आणि दुसऱ्याला तो कधी समोर दिसलेलाच नसतो.

तर आज आपण या चित्रात कर्ता शोधू. त्यासाठी चित्रात काय नाही, ते बघावं लागेल.

पहिली नसलेली गोष्ट म्हणजे कागद. अमेरिकेचा पश्चिम जितका नांगरानं आणि बंदुकीनं घेतला गेला, तितकाच कागदानं घेतला गेला. १८०३ मध्ये अमेरिकेनं फ्रान्सकडून लुइझियाना विकत घेतलं. सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैल, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या जवळपास सातपट मुलूख, दीड कोटी डॉलरला. देश एका सहीत दुप्पट झाला. पण फ्रान्सनं विकलं काय? त्या मुलखाच्या बहुतांश भागात फ्रेंच माणूस औषधालाही नव्हता. तिथे ओसेज, पॉनी, लकोटा आणि इतर कितीतरी लोक राहत होते, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. खरं तर नेपोलियननं विकला तो दावा. दुसऱ्या युरोपीय सत्तांनी इथे येऊ नये, आणि मूळ रहिवाशांकडून जमीन घ्यायचा हक्क आता अमेरिकेचा, एवढाच त्या खरेदीखताचा अर्थ. प्रत्यक्ष जमीन त्यानंतर तुकड्यातुकड्यानं, तहांनी घेतली गेली.

तह हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. तह दोन राज्यांमध्ये होतो. १७७८ ते १८७१ या काळात अमेरिकन सरकारनं मूळ रहिवाशांच्या राष्ट्रांशी साडेतीनशेहून अधिक तह करून ते सिनेटकडून मंजूर करून घेतले. म्हणजे कागदावर तरी त्यांना राष्ट्र मानलं होतं. १८७१ मध्ये काँग्रेसनं ठरवलं, की यापुढे यांच्याशी तह करायचे नाहीत. आणि गास्ट यांचं चित्र १८७२ चं. चित्रातल्या डाव्या कडेच्या माणसांकडे बघून कोणाला वाटेल का, की आदल्या वर्षापर्यंत यांच्याशी राजनैतिक करार होत होते? चित्रात ते अस्वलाच्या आणि बायसनच्या रांगेत आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे सैन्य. या चित्रात एकही सैनिक नाही. शेतकरी आहे, टपालवाला आहे, सोनं शोधणारा आहे, पण गणवेशातला माणूस नाही. आणि १८४६ ते १८४८ मध्ये मेक्सिकोशी युद्ध झालेलं आहे. त्या युद्धाच्या शेवटी, २ फेब्रुवारी १८४८ ला ग्वादालुपे इदाल्गोचा तह झाला आणि मेक्सिकोनं सव्वापाच लाख चौरस मैलांच्या आसपास मुलूख सोडला. आजचे कॅलिफोर्निया, नेव्हाडा, युटा, आणि ॲरिझोना, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो, वायोमिंग यांचे कमीजास्त भाग त्यात आले. मोबदला दीड कोटी डॉलर. लुइझियानाचाही आकडा तोच होता, हे लक्षात घ्या. फरक इतकाच, की यावेळी अमेरिकन फौज मेक्सिकोच्या राजधानीत बसलेली होती.

या तहाच्या नऊच दिवस आधी, २४ जानेवारीला, कॅलिफोर्नियात सोनं सापडलं होतं. सही करणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. त्यानंतर माणसांचा जो लोंढा तिकडे गेला, त्याची ती सोनं शोधणारी मंडळी आपल्या चित्रात आहेत. त्यांच्या पुढे चित्र काही दाखवत नाही, म्हणून आम्ही सांगतो. १८४८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात मूळ रहिवासी सुमारे दीड लाख होते. १८७० च्या आसपास ते तीस हजारांच्या घरात आले. रोगराई होती, उपासमार होती, आणि सरळसरळ कत्तलीही होत्या. त्या करणाऱ्या सशस्त्र टोळ्यांचा खर्च राज्य सरकारनं दिलेला आहे. त्याच्या नोंदी आहेत. इथेही शेवटी कागदच.

तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची, चित्रात नसलेली नाही. ती बाईच्या हातात आहे. शाळेचं पुस्तक. चित्राचा दावा असा, की पूर्वेकडे विद्या आहे, पश्चिमेकडे अज्ञान, आणि ही बाई विद्या घेऊन निघाली आहे.

हा दावा चेरोकी लोकांसमोर धरून बघू. चेरोकी म्हणजे आजच्या जॉर्जिया, टेनेसी, अलाबामा, नॉर्थ कॅरोलिना भागातले लोक. त्यांच्यात सिक्वोया नावाचा एक कारागीर होता. त्याला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हतं. पण गोरे लोक कागदावर खुणा करून बोलतात हे त्यानं पाहिलं, आणि स्वतःच्या भाषेसाठी सुमारे ८५ अक्षरांची लिपी तयार केली. १८२१ च्या सुमारास ती पूर्ण झाली. एका उच्चाराला एक खूण, त्यामुळे ती लोकांना भराभर शिकता आली. १८२७ मध्ये चेरोकींनी स्वतःची लिखित राज्यघटना केली. १८२८ मध्ये त्यांच्या राजधानीतून, न्यू इचोटाहून, ‘चेरोकी फीनिक्स’ नावाचं वर्तमानपत्र निघालं. इंग्रजी आणि चेरोकी, दोन्ही भाषांत.

आपण मराठी माणसं आहोत, म्हणून इथे एक तारीख शेजारी ठेवून बघू. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं ६ जानेवारी १८३२ ला. तेही इंग्रजी आणि मराठी, दोन भाषांत. म्हणजे आपल्या पहिल्या वर्तमानपत्राच्या चार वर्षं आधी चेरोकींचं वर्तमानपत्र छापलं जात होतं. दोघांसमोरचा प्रश्नही काहीसा सारखाच. राज्यकर्त्याच्या भाषेत त्याच्याशी बोलायचं आणि आपल्या भाषेत आपल्या लोकांशी.

त्या वर्तमानपत्राचं काय झालं? १८३० मध्ये, अँड्र्यू जॅक्सन राष्ट्राध्यक्ष असताना, मूळ रहिवाशांना मिसिसिपीच्या पलीकडे हलवण्याचा कायदा झाला. चेरोकी कोर्टात गेले. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की चेरोकींच्या प्रदेशात जॉर्जिया राज्याचे कायदे चालत नाहीत. निकाल कागदावर राहिला. १८३५ मध्ये जॉर्जियाच्या सशस्त्र दलानं छापखानाच उचलून नेला. त्याच वर्षाअखेरीस काही थोड्या चेरोकींना हाताशी धरून एक तह करण्यात आला. चेरोकींच्या निवडून आलेल्या सरकारला तो मान्य नव्हता, हजारो लोकांनी विरोधाचे अर्ज पाठवले. सिनेटनं तो मंजूर केला, एका मताच्या फरकानं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सही करणाऱ्यांत त्या वर्तमानपत्राचे पहिले संपादक इलायस बूडिनोही होते. आता लढून काही हाती लागणार नाही, निदान लोक तरी वाचतील, असं त्यांचं मत झालं होतं. १८३९ मध्ये चेरोकींनीच त्यांना मारलं. त्यांना गद्दार म्हणायचं की हताश, हे ठरवणं आम्हाला सोपं वाटत नाही. १८३८ मध्ये सैन्यानं लोकांना घरांतून काढलं, छावण्यांत डांबलं आणि पश्चिमेला नेलं. सुमारे सोळा हजारांपैकी चार हजारांच्या आसपास माणसं त्यात गेली, असा अंदाज नेहमी दिला जातो. इतिहासात याला ‘अश्रूंची वाट’ म्हणतात.

तेव्हा पुस्तक पूर्वेकडून पश्चिमेकडे चाललं होतं, हे चित्राचं म्हणणं टिकत नाही. ज्यांच्याकडे पुस्तक होतं, छापखाना होता, राज्यघटना होती, त्यांनाही घालवलं. कारण प्रश्न अडाणीपणाचा नव्हताच. प्रश्न जमिनीचा होता, आणि त्या जमिनीत कापूस उत्तम येत होता.

कापसावर थोडं थांबू, कारण चौथी न दिसणारी गोष्ट तिथे आहे. गुलामगिरी. चेरोकी, क्रीक, चॉक्टॉ, चिकसॉ यांना हलवून जी जमीन मोकळी केली, तिच्यावर कापसाचे मळे उभे राहिले. त्या मळ्यांवर राबायला जुन्या दक्षिणेकडच्या राज्यांतून १७९० ते १८६० च्या दरम्यान सुमारे दहा लाख गुलाम माणसं नेली गेली. विकून, साखळीत बांधून, चालवत. हेही पश्चिमेकडे जाणंच होतं. पण गास्ट यांच्या चित्रात या रांगेला जागा नाही.

आणि यादवी युद्ध? तेही पश्चिमेवरूनच पेटलं. प्रत्येक नवा मुलूख जोडला, की तिथे गुलामगिरी चालणार की नाही, हा वाद. १८२० मध्ये मिसुरीच्या वेळी तडजोड झाली, १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्काच्या कायद्यानं ती मोडली, आणि कॅन्ससमध्ये माणसं एकमेकांना मारू लागली. युद्धामुळे अमेरिकन कापूस थांबला तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो बाजार कोसळला, हे आपल्याला माहीत आहे. खानदेश-वऱ्हाडच्या शेतकऱ्याचं नशीब असं चेरोकींच्या जमिनीशी जोडलं गेलं होतं. दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

इथेच जोतिराव फुल्यांची आठवण येते. ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं १८७३ मध्ये, म्हणजे या चित्राच्या पुढच्याच वर्षी. आणि ते अर्पण केलं होतं अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल. कोणी म्हणेल, फुल्यांना अमेरिकेची दुसरी बाजू दिसली नाही. आम्हाला तसं म्हणावंसं वाटत नाही. ती अर्पणपत्रिका बारकाईनं बघा. ती अमेरिकेच्या नियतीला, प्रगतीला किंवा विस्ताराला अर्पण केलेली नाही. ज्या माणसांनी एक काम केलं, त्यांना ती अर्पण केली आहे. गुलामगिरी ‘संपली’ असं फुले मानत नाहीत. लोकांनी ती संपवली, आणि त्यासाठी त्यांनी किंमत मोजली. फुल्यांच्या वाक्यात कर्ता आहे. एकाच काळात अमेरिकेकडे बघणाऱ्या या दोन नजरा. क्रॉफट यांची कर्ता पुसणारी, फुल्यांची कर्त्याला नावाजणारी.

पाचवी गोष्ट, मजूर. चित्रात आगगाड्या धावताहेत, पण रूळ कोणी टाकले? पॅसिफिक रेल्वेचा कायदा १८६२ चा. सरकारनं कंपन्यांना कर्जरोखे दिले, जमिनी दिल्या. १० मे १८६९ ला युटात प्रोमॉन्टरी इथे दोन्हीकडचे रूळ जुळले. पश्चिमेकडून आलेल्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीच्या कामावर बहुसंख्य मजूर चिनी होते, दहा हजारांच्या वर. सिएरा नेव्हाडाच्या ग्रॅनाइटमधून बोगदे त्यांनी काढले. जून १८६७ मध्ये गोऱ्या मजुरांइतकी मजुरी मागून त्यांनी काम बंद केलं, तेव्हा कंपनीनं त्यांचं अन्नधान्य अडवलं. आठवडाभरात संप मोडला. आणि हे लोक आले कोणीकडून? चीनमधून, पॅसिफिक ओलांडून, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे. या चित्रात फक्त उजवीकडून डावीकडे जाण्याची मुभा आहे. म्हणून त्यांना चित्रात येताच येत नाही. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात येण्याचीही बंदी झाली.

चित्रातल्या काळाचाही एक घोटाळा सांगून ठेवतो. तो घोडेस्वार पोनी एक्सप्रेसचा टपालवाला समजला जातो. पोनी एक्सप्रेस चालली एप्रिल १८६० ते ऑक्टोबर १८६१, जेमतेम दीड वर्ष. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत तार जोडली गेली आणि ती बंद पडली. म्हणजे बाईच्या हातातली तार त्या घोडेस्वाराची नोकरी खाऊन बसली होती, आणि चित्र काढलं तेव्हा त्याला अकरा वर्षं झाली होती. शेतकरी पुढे आणि रेल्वे मागे, हेही पश्चिमेत अनेक ठिकाणी उलटं होतं. रेल्वे आधी गेली आणि मग तिनंच सरकारकडून मिळालेल्या जमिनी शेतकऱ्यांना विकल्या. चित्रकारानं वेगवेगळ्या काळांतल्या गोष्टी एका रांगेत लावल्या, आणि त्या रांगेला प्रगती म्हटलं.

आता दोन आक्षेपांना उत्तर द्यायला हवं. पहिला आक्षेप नेहमीचा. आजच्या मापानं तेव्हाच्या लोकांना मोजू नका. ठीक आहे, तेव्हाचंच माप घेऊ. हेन्री डेव्हिड थोरो यांनी गुलामगिरी पोसणाऱ्या आणि मेक्सिकोशी लढणाऱ्या सरकारला कर द्यायचं नाकारलं, आणि १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली. त्यावरचा त्यांचा निबंध पुढे गांधीजींनी वाचला. अब्राहम लिंकन तेव्हा काँग्रेसचे तरुण सदस्य होते. अमेरिकन रक्त अमेरिकन भूमीवर सांडलं म्हणता, तर ती जागा नेमकी दाखवा, असा ठराव त्यांनी डिसेंबर १८४७ मध्ये मांडला. युलिसिस ग्रँट त्या युद्धात लढले, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि आत्मचरित्रात त्यांनी हे युद्ध अन्यायाचं होतं असं लिहून ठेवलं. १८३० च्या कायद्याला काँग्रेसमध्येच जोरदार विरोध झाला होता. कळणाऱ्यांना तेव्हाही कळत होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जे लोक पश्चिमेला गेले ते काही सगळे लुटारू नव्हते. हे खरं आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं नाममात्र शुल्कात १६० एकर जमीन देऊ केली. पाच वर्षं तिथे राहायचं, ती कसायची, की मालकी. या कायद्याखाली शेवटी सुमारे २७ कोटी एकर जमीन वाटली गेली. नॉर्वेचा, जर्मनीचा, आयर्लंडचा भूमिहीन माणूस, एकटी बाई, आणि पुढे गुलामीतून सुटलेले काही काळे शेतकरीसुद्धा या कायद्यानं जमिनीचे मालक झाले. कसेल त्याची जमीन या कल्पनेचं मोल आपल्याला कोणी सांगायला नको. चित्रातला नांगर खोटा नाही, आणि त्या नांगरामागच्या माणसाचे कष्टही खोटे नाहीत. पण म्हणूनच त्या माणसाला बाईच्या पायाखाली चित्रात उभं करणं आम्हाला खटकतं. गरिबाला जमीन मिळाली ती नियतीनं दिली नाही. एका सरकारनं कायदा करून दिली, आणि दुसऱ्या गरिबाकडून घेऊन दिली.

शेवटी चित्राच्या डाव्या कडेकडे येऊ. चित्र म्हणतं, ही माणसं आता चौकटीबाहेर जाणार, संपणार. १८६८ मध्ये फोर्ट लॅरमीच्या तहानं लकोटा लोकांना ब्लॅक हिल्ससह मोठा प्रदेश दिलेला होता. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं. १८७६ ला लिटल बिगहॉर्नची लढाई झाली, तीत लकोटा आणि त्यांचे मित्र जिंकले, आणि १८७७ मध्ये काँग्रेसनं कायदा करून ब्लॅक हिल्स काढून घेतल्या. लकोटा गेले नाहीत. ते कोर्टात गेले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की ही जमीन योग्य मोबदला न देता घेतली गेली. व्याजासह सुमारे साडेदहा कोटी डॉलर मंजूर झाले. लकोटांनी ते पैसे आजवर घेतलेले नाहीत. ती रक्कम वाढत वाढत शंभर कोटी डॉलरच्या वर गेली आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की डोंगर विकायला काढलेला नव्हता. आणि २०२० मध्ये त्याच न्यायालयानं म्हटलं, की ओक्लाहोमातलं क्रीक राष्ट्राचं राखीव क्षेत्र काँग्रेसनं कधी रद्द केलेलंच नाही, त्यामुळे फौजदारी कायद्यापुरतं ते आजही कायम आहे.

हे सगळं कशाच्या जोरावर? त्याच कागदांच्या, जे चित्रात नाहीत. ज्या तहांनी जमीन घेतली, तेच तह आज साक्षीला उभे आहेत. कागदावर सही असते, तारीख असते, कोणी दिलं आणि कोणी घेतलं हे लिहिलेलं असतं. तरंगणाऱ्या बाईची कुठेच सही नाही.

म्हणून आमची विनंती छोटीशी आहे. पुढच्या वेळी पुस्तकात, भाषणात, फलकावर ‘विस्तार झाला’, ‘विकास झाला’, ‘स्थलांतर झालं’ असं वाक्य दिसलं, की त्यातलं ‘झालं’ काढून तिथे ‘केलं’ घालून बघा. वाक्य लगेच अडखळेल, कारण आता त्याला कर्ता लागेल. तो शोधायला लागणं म्हणजे इतिहास वाचायला लागणं, असं आम्हाला वाटतं.

पुढच्या व्याख्यानात आपण यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेकडे वळू. आज इथेच थांबतो. आता आपले प्रश्न घेऊ.